जखमी जनावर निसटलं, तर त्याची नोंद कुठे सापडते?

शिकारीचा इतिहास आपण बहुतेक वेळा मेलेल्या जनावरांच्या आकड्यांवरून लिहितो. पण बाण लागला, रक्त सांडलं आणि जनावर झाडीत नाहीसं झालं, तर त्या शिकारीचं काय? खानदेशावर काम करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांचं जुनं हत्यार धनुष्यबाण. 'भिल्ल' हे नावच धनुष्याच्या द्राविडी शब्दावरून आलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

आधी शिकारीची रीत समजून घेऊ. बाणाचं पातं आत कापत जातं आणि जनावर मुख्यतः रक्त गेल्यामुळे मरतं. त्यामुळे ते जागच्या जागी क्वचितच कोसळतं. लगेच मागे धावलं तर ते आणखी लांब पळतं. थोडं थांबलं तर जवळपास कुठेतरी बसतं. मग रक्ताचे थेंब, खुरांच्या खुणा, दबलेलं गवत बघत माग काढायचा. म्हणजे बाण सोडला तेव्हा काम निम्मंच झालेलं असतं. माग तुटला तर हाती काहीच येत नाही, आणि जनावर कुठेतरी तडफडतंय ही जाणीव तेवढी उरते.

आता साधनं पाहू. पहिलं साधन सरकारी कागद. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. 1825 मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगाव. भिल्लांना बरोबर घेऊन त्याने केलेल्या वाघांच्या शिकारी प्रसिद्ध आहेत. पुढे वाघ-बिबट्या मारल्याबद्दल सरकारी बक्षिसं मिळत, आणि बक्षिसासाठी मेलेल्या जनावराचा पुरावा लागे, म्हणजे कातडं किंवा डोकं. त्यामुळे जे दाखवता आलं तेच मोजलं गेलं. जखमी होऊन निसटलेलं जनावर या हिशेबात येतच नाही. जुन्या तक्त्यातला आकडा 'किती मेले' हे सांगत नाही, 'किती दाखवले' एवढंच सांगतो. हा फरक प्रकरण लिहिताना विसरू नका.

दुसरं साधन धर्मशास्त्र. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक दाखला येतो: ज्याने रान तोडलं त्याचं शेत, आणि ज्याचा बाण आधी लागला त्याचं हरीण. मुद्दा खरं तर संतती कोणाची हा आहे, शिकार नुसती उदाहरणाला घेतली आहे. पण उदाहरणाला तीच गोष्ट घेतात, जी ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. किरात आणि अर्जुन यांचं भांडणही एकाच रानडुकराला लागलेल्या दोन बाणांवरून झालं. म्हणजे जखमी जनावरावर हक्क कोणाचा, याचा विचार झाला होता. त्याच्याबद्दलची जबाबदारी कोणाची, हे मात्र इथे कळत नाही.

ते कळतं तिसऱ्या साधनात. जळगावपासून साधारण 60 किलोमीटरवर अजिंठा. 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने आपलं नाव जिथे कोरलं, त्याच 10 व्या लेण्यात श्याम जातकाचं चित्र आहे. काशीचा राजा हरणांच्या शिकारीला आलेला. पाणी भरायला आलेल्या श्यामला त्याचा विषारी बाण लागतो. 'का मारलंस?' असं श्याम विचारतो, तेव्हा राजा आधी खोटं बोलतो: तुला बघून माझं हरीण पळालं, म्हणून रागाने मारलं. मग खरं कबूल करतो, पाण्याचा घडा उचलतो आणि श्यामच्या आंधळ्या आईवडिलांकडे स्वतः जाऊन सांगतो. सबब, कबुली, मग मागे जाणं आणि भार उचलणं: शिकाऱ्याच्या मनाचा हा क्रम बक्षिसाच्या तक्त्यात कधीच मिळणार नाही.

चौथं साधन 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम. त्याच्या व्याख्येत ठार मारणं जसं 'शिकार' आहे, तसंच इजा करणंही. जे जनावर वसाहतीच्या हिशेबात नव्हतं, ते इथे कायद्याने मोजलं गेलं.

पण याच कायद्यामुळे आपल्यासारख्यांची अडचण होते. यावल, चोपडा, शिरपूर भागात मौखिक इतिहासासाठी गेलात आणि एखाद्या आजोबांना विचारलंत, 'बाबा, तुमच्या बाणाने जखमी झालेलं जनावर कधी निसटलं का?', तर तुम्ही त्यांच्याकडून दुःखाची आठवण मागताय आणि त्याच वाक्यात गुन्ह्याची कबुलीही मागताय. या गुन्ह्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. तुमचं रेकॉर्डिंग उद्या कोणाच्या हाती पडेल, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

म्हणून प्रश्न बदला. कोणी, कुठे, कधी मारलं हे विचारू नका. माग कसा काढायचा, किती वेळ थांबायचं, कधी परत फिरायचं, जनावर सापडलं नाही तर घरी काय म्हणायचे, हे विचारा. शिकारीची रीत आणि मनाची अवस्था दोन्ही त्यातून कळतात. संमती रेकॉर्डर सुरू करण्याआधी घ्या आणि बोलणं झाल्यावर पुन्हा विचारा, कारण आपण काय काय बोललो हे माणसाला शेवटीच कळतं. तेव्हा 'हे पुसून टाका' म्हणाले, तर त्यांच्यासमोर पुसा.