विसणापासून थर्मोस्टॅटपर्यंत : मुंबईच्या उपनगरांतील न्हाणीघराचा इतिहास

प्रस्तावना :
युरोपातील थंड हवेच्या देशांत घर उबदार ठेवणे आणि नळाला गरम पाणी पुरविणे ही दोन्ही कामे वायूवर चालणारा एकच बॉयलर करतो. खोलीच्या भिंतीवरील थर्मोस्टॅट तारांच्या साहाय्याने त्यास पेटण्याचा वा थांबण्याचा आदेश देतो. अमेरिकेत वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. २०११ मध्ये ‘नेस्ट’ हा इंटरनेटशी जोडलेला थर्मोस्टॅट बाजारात आला. मुंबईच्या उपनगरांत मात्र खोली तापविण्याची गरज कधी भासली नाही. सांताक्रूझ येथे जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, ती घटनाही अपवादात्मकच होती. म्हणून येथे उष्णतेच्या नियंत्रणाचा प्रश्न प्रामुख्याने न्हाणीघरात उभा राहिला. प्रस्तुत लेखात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या उपनगरांच्या संदर्भात त्याचा आढावा घेतला असून, पाण्याच्या उष्णतेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

बंब आणि विसण :
वीज व वायू घरोघरी येण्यापूर्वी पाणी चुलीवरील हंड्यात अथवा तांब्याच्या बंबात तापत असे. बंबाच्या मधल्या नळीत ढलप्या वा कोळसा जळे, सभोवती पाणी असे व राख खालच्या जाळीतून पडे. तोटीतून येणारे कढत पाणी घंगाळात घेऊन त्यात विसण घातले जाई. पाणी अंगाला सोसेल इतके झाले की नाही, हे बोट बुडवून ठरत असे. हे काम बहुधा घरातील स्त्रीकडे असे. या व्यवस्थेत कष्ट होते, धूर होता. परंतु अग्नी डोळ्यांसमोर होता. धुरामुळेच बंब परसात, गॅलरीत किंवा खिडकीजवळ ठेवावा लागे. नियंत्रण आणि दक्षता ही दोन्ही एकाच व्यक्तीच्या हाती होती.

वीज आणि थर्मोस्टॅट :
१९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. १९५० व १९५७ मध्ये उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत समाविष्ट झाली, तरी वीजपुरवठ्याची विभागणी कायम राहिली. अंधेरी-बोरिवली व घाटकोपर या पट्ट्यातील या कंपनीचा वीजवितरण व्यवसाय पुढे रिलायन्सकडे व २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेला. मुलुंडला राज्य वीज मंडळ व २००५ पासून महावितरण वीज पुरवीत आले.

वीज आली म्हणून गीझर लगेच लावता येत नसे. दिवे-पंख्यांसाठी घातलेल्या तारा व पाच अँपिअरचे पॉइंट यांना तो भार पेलणारा नव्हता. २३० व्होल्टवर २,००० वॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी जाड तारेची स्वतंत्र लाइन, पंधरा अँपिअरचा पॉइंट व भरवशाचे अर्थिंग आवश्यक ठरले. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज व अठरा-वीस मिनिटे लागतात. टाकीत बसविलेल्या दांड्याच्या थर्मोस्टॅटमध्ये पितळी नळी उष्णतेने लांबते, आतील मिश्रधातूचा दांडा जवळजवळ तेवढाच राहतो आणि या फरकाने विद्युतप्रवाह तुटतो. बोट बुडवून घेतला जाणारा निर्णय अशा रीतीने धातूच्या प्रसरणावर सोपविला गेला. तो निकामी झाल्यास प्रवाह तोडणारा कटआउट व वाढलेला दाब सोडणारी झडप ही दुसरी-तिसरी राखण होय.

वायूचा गीझर :
बर्मा-शेलने १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरच्या वायूची विक्री सुरू केली. १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेडची स्थापना होऊन पुढे नळाचा वायू उपनगरांत पोहोचला. त्यामुळे तात्काळ पाणी देणाऱ्या वायूच्या गीझरची सोय झाली. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने झडप सरकते, बॅटरीची ठिणगी पडते व ज्योत पेटते. गच्चीवरील टाकीलगतच्या मजल्यांवर दाब अपुरा पडल्यास ती पेटतही नाही. साध्या प्रकारात थर्मोस्टॅट नसतो. विसणाची जागा फिरवायच्या खटक्याने घेतलेली असते.

‘गीझर’ हे नाव आइसलँडमधील उष्ण झऱ्यावरून आले. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये पेटंट घेतलेल्या त्या नावाच्या यंत्राला जळलेला वायू बाहेर नेणारी नळी नव्हती. हाच दोष शतकानंतर उपनगरांतील अरुंद, बंद न्हाणीघरांत पुन्हा अवतरला. प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अपूर्ण राहते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बोरिवलीत २०२० मध्ये अशा मृत्यूची, तर घाटकोपरमध्ये २०२३ मध्ये तसा संशय असलेल्या मृत्यूंची वार्ता वृत्तपत्रांतून आली. बंबाचा धूर डोळ्यांत पाणी आणून सावध करी. या वायूला रंग नाही, वास नाही.

निष्कर्ष :
बंबापासून मोबाइलवरून चालू-बंद होणाऱ्या आजच्या गीझरपर्यंतच्या या प्रवासाने, विशेषतः स्त्रियांचे, पहाटेचे कष्ट कमी केले, हे निर्विवाद आहे. मात्र थर्मोस्टॅट केवळ उष्णता मोजतो. न्हाणीघरातील हवा कशी आहे किंवा अर्थिंगची तार जोडली आहे की नाही, हे त्यास कळत नाही. विसण घालणाऱ्या व्यक्तीकडून नियंत्रणाचे काम यंत्राकडे गेले, परंतु दक्षतेचे काम कोणाकडेच स्पष्टपणे सोपविले गेले नाही. वायूचा गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसविणे, जळलेला वायू नळीने बाहेर सोडणे व जोडणी जाणकाराकडून तपासून घेणे या बाबी म्हणूनच गौण मानता येत नाहीत. यंत्र बसविणारा, घर बांधणारा आणि घरात राहणारा या तिघांमध्ये त्या जबाबदारीची वाटणी होणे, हे या इतिहासातील अद्याप अपुरे राहिलेले काम आहे.