सेकंद कुणाचा?

मोबाइल टॉवरवरून उतरवलेली घड्याळे जुन्या बाजारात शोधणाऱ्या हौशी मंडळींपैकी मी एक. असा खोका जीपीएसच्या संकेतावर आतल्या स्फटिकाची चाल सतत दुरुस्त करतो आणि दर सेकंदाला विजेचा एक ठोका देतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणून उपग्रहाचे घड्याळ चुकले की जागाही चुकते.

मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. क्लिंटन यांच्या आदेशाने ती थांबली आणि अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली. म्हणजे जगाच्या घड्याळाची किल्ली एकाच देशाच्या हाती होती.

भारताने १ जुलै २०१३ रोजी ‘नाविक’ मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्यावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे परदेशी बनावटीची होती. ती बंद पडली आणि एरवी धडधाकट असलेला उपग्रह स्थाननिश्चितीसाठी निरुपयोगी झाला. २९ मे २०२३ रोजी झेपावलेल्या एनव्हीएस-०१ वर मात्र अहमदाबादेत घडवलेले अणुघड्याळ होते. आपल्या अवकाश-इतिहासात अग्निबाणांइतकीच या घड्याळांचीही नोंद व्हायला हवी.