'नामा म्हणे', पण कोणता नामा?

आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावांत कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा चालतो. तेव्हा धान कापणीला आलेलं असतं, अंधारी नदीच्या बाजूनं धुकं चढतं आणि वाघाच्या भीतीनं माणसं चौघं-पाचजण मिळून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन देवळाकडे निघतात. देवळात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात टाळ, वीणेच्या जास्तीच्या तारा आणि तीन गाथा. एक कुणीतरी आषाढीला पंढरपुराहून आणलेली, एक दान आलेली, आणि तिसरीचं पहिलं पानच फाटून गेलेलं. ती कुणी छापली, केव्हा छापली, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

गेल्या काकड्यात काय झालं ते सांगतो. नामदेवरायांचा म्हणून आमच्याकडे पिढ्यानपिढ्या म्हटला जाणारा एक अभंग झाला. आमच्यातला एक मुलगा कॉलेजात मराठी घेऊन शिकतो. तो सहज बोलून गेला, "हा अभंग नामदेवांचा नसावा. दुसऱ्या एका नाम्याचा आहे असं सर म्हणतात." टाळ थांबले. चाळीस वर्षं चाल धरणारे आमचे एक म्हातारे टाळकरी त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मंग मी इतले वर्सं कोनाचा नाव घेतलो, सांग गा बापू?"

पोरगं गप्प झालं. खरं सांगायचं तर मीही गप्प झालो. उत्तर शोधायला मला पुढचे काही महिने लागले. त्यात जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या गावचा नाही. तुमच्याही पेटीत अशा गाथा असतील.

पहिल्यानं नामदेवरायांचंच घेऊ. आपले नामदेवराय इ. स. १२७० चे. १३५० साली पंढरपुरात महाद्वारी ते समाधिस्थ झाले, म्हणून तर आपण नामदेव पायरीवर डोकं ठेवून मगच आत जातो. त्यांच्यानंतर दोनेकशे वर्षांनी, एकनाथ महाराजांच्या काळात, महाराष्ट्रात आणखी एक नामा होऊन गेला. त्याला विष्णुदास नामा म्हणतात. त्यानं अख्खं महाभारत मराठी ओवीत आणलं. अठरा पर्वं! त्या काळी छापखाना नव्हता, कागद महाग, आणि पोथी लिहायची तर बोरूनं, एकेक ओळ. याच सुमाराला नामा पाठक नावाचेही एक कवी झाले. तेव्हा 'नामा' हे नाव एका माणसापुरतं कधीच राहिलेलं नव्हतं.

आता अडचण बघा. 'विष्णुदास' हे त्या दुसऱ्या नाम्याचं विशेषण असलं, तरी विष्णूचा दास कोण नाही? जुन्या नामदेवरायांच्या म्हणून मानलेल्या अभंगांतही 'विष्णुदास नामा' अशी मुद्रिका येते. त्यामुळे मुद्रिका बघून 'हा याचा, तो त्याचा' अशी वाटणी करता येत नाही. धानाच्या राशीत दोन शेतांचं धान मिसळलं की दाण्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, तसंच हे.

मग अभ्यासक काय करतात? ते भाषा बघतात. तेराव्या-चौदाव्या शतकातली मराठी आणि सोळाव्या शतकातली मराठी यांत शब्दांची, विभक्तीची, क्रियापदांची चाल बदललेली आहे. त्यांना अभंगात एखाद्या संताची कथा आली, तर तो संत नामदेवरायांच्या आधीचा की नंतरचा हे ते तपासतात. नंतरचा असेल तर अभंग लिहिणारा नामा निराळा मानावा लागतो. आणि ते हस्तलिखितं बघतात, म्हणजे आपल्या कीर्तनकारांची बाडं. इथंच खरी गोम आहे. बाड म्हणजे कीर्तनकाराची स्वतःच्या कामाची वही. त्यात तो आपल्याला लागणारे अभंग उतरवून घ्यायचा. कीर्तनात जो अभंग रंगतो तो घ्यायचा, मग तो कोणत्या नाम्याचा याची चौकशी करत बसायला त्याला वेळ नव्हता आणि गरजही वाटत नव्हती. त्या वह्यांच्या वह्या झाल्या, आणि पुढे छापखाने आल्यावर त्याच वह्यांवरून गाथा छापल्या गेल्या.

पंजाबचं उदाहरण याच्या उलट आहे. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. एकदा ग्रंथात बांधली गेली, ती तशीच राहिली. त्यांत कुणी भर घातली नाही. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला आजही नामदेवरायांचं स्थान आहे. तिथली पदं आणि आपले अभंग एकाच नामदेवांचे का, अशीही शंका काही विद्वानांनी काढलेली आहे. ती सोडून देऊ. एवढं मात्र दिसतं, की ज्यांनी लिहून बंद केलं त्यांच्याकडे पदं मोजता येतात, आणि ज्यांनी गात ठेवलं त्यांच्याकडे ती वाढत गेली. आपण गाणारे. शासनानं नामदेवरायांच्या सातशेव्या जयंतीच्या वेळी, १९७० साली, गाथा काढली, तीत दोन हजारांहून जास्त अभंग आहेत. त्याच्याही आधी, १८९४ साली मुंबईत एक नामदेवांची गाथा निघाली होती. तिच्या नावातच नामदेव, त्यांचे कुटुंबीय आणि समकालीन साधू असे सगळे घेतलेले होते. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. एका घरात इतक्या जणांनी अभंग केले, तर गाथा घराचीच असणार.

ती गाथा काढणारे गृहस्थ कोण, ते वाचून मी हसलोच. त्यांचं नाव तुकाराम. तुकाराम तात्या पडवळ, मुंबईचे, जन्म १८३६. थिऑसॉफीच्या मंडळींतले. तरुणपणी त्यांनी 'जातिभेद विवेकसार' हे पुस्तक स्वतःचं नाव न घालता, 'एक हिंदू' म्हणून लिहिलं होतं. १८६१ साल ते. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुल्यांनी काढली. याच तुकाराम तात्यांनी १८८९ मध्ये आपल्या तुकोबारायांची गाथा छापली. तुकारामाची गाथा, छापणारा तुकाराम! ग्रंथालयाच्या यादीत ही दोन नावं एकाखाली एक येतात, आणि घाईत बघणारा चकतो. जो स्वतःच्या पुस्तकावर नाव घालायला तयार नव्हता, त्याचं नाव तुकोबांच्या नावाशेजारी कायमचं बसलं.

पण थट्टा बाजूला ठेवा, कारण या गाथेत आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. तिच्या वीस वर्षं आधी मुंबई सरकारनं तुकोबांची गाथा छापायला २४ हजार रुपये मंजूर केले होते. काम दिलं होतं विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांना. (हेही दोघे पंडितच. पहिले विधवाविवाहासाठी झगडलेले, दुसरे वेदांचे अभ्यासक.) त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या पोथ्या समोर ठेवून पाठ जुळवले आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत गाथा काढली. तिच्यात साधारण ४६०० अभंग. तुकाराम तात्यांच्या गाथेत ८४४१! जवळजवळ दुप्पट. पंडितांनी निवडक पोथ्यांचा आधार धरला; तुकाराम तात्यांनी 'तुका म्हणे' जिथं सापडलं तिथून गोळा केलं. आज आपण जिला सरकारी गाथा म्हणतो, ती १९५० साली, तुकोबांच्या वैकुंठगमनाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, पंडितांच्याच गाथेवरून पुन्हा छापलेली. पु. मं. लाडांची प्रस्तावना असलेली. आमच्या पेटीतली एक तीच आहे. फाटक्या पानाच्या दुसऱ्या गाथेतले अभंगांचे क्रमांक तिच्याशी का जुळत नाहीत, हे कोडं मला तेव्हा उलगडलं. फडावर कुणी नुसता अभंगाचा क्रमांक सांगितला, तर 'कोणत्या गाथेतला?' हे विचारायला लाजू नका.

तुकोबांच्या गाथेत तर एक फार गोड गोष्ट आहे. कान्होबा हे तुकोबांचे धाकटे भाऊ. त्यांचे अभंग तुकोबांच्याच गाथेत छापलेले असतात आणि त्यांची मुद्रिका आहे 'तुकयाबंधु'. म्हणजे तुक्याचा भाऊ. स्वतःचं नाव सांगायची पाळी आली तेव्हा त्यांनी भावाचं नाव सांगितलं. आपण भरभर म्हणताना 'तुकया' ऐकतो, 'बंधु' निसटतो, आणि कान्होबाचा अभंग तुकोबांच्या खात्यावर जमा होतो. पुढे अठराव्या शतकात तुकाविप्र म्हणून एक संतकवी झाले. आणि आमच्या जिल्ह्याचं म्हणाल, तर लहानपणी खंजिरीवर 'तुकड्या म्हणे' ऐकून मी तुकडोजी महाराजांना आणि तुकोबांना एकच समजत होतो! महाराज १९०९ सालचे, यावलीचे, मूळ नाव माणिक. तुकड्या हे नाव त्यांना गुरू आडकोजी महाराजांनी दिलं. चिमूर आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा इथं त्यांचं नाव घरोघर. पण तीनशे वर्षांचं अंतर एका लेकराच्या कानात पुसलं गेलं, ते केवळ मुद्रिकेमुळं.

आता ज्ञानोबांकडे येतो, कारण सगळ्यांत मोठं वादळ तिथं उठलं. १८९८-९९ मध्ये 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या नावानं लेख आले. लिहिणारे शिवराम एकनाथ भारदे. त्यांचं म्हणणं असं, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि विठ्ठलाचे अभंग करणारे आळंदीचे ज्ञानेश्वर वेगळे. ज्ञानेश्वरीत शैव, नाथपंथी सूर आहे, अभंगांत पंढरीचा. दोन्हींची भाषाही एकसारखी जुनी नाही. शंका खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. आपल्या संप्रदायातून भिंगारकरबुवांनी उत्तरं दिली. पुढे गुरुदेव रा. द. रानड्यांनीही हा वाद तपासून ज्ञानदेव एकच असा कौल दिला. मलाही तेच पटतं. भाषेतल्या फरकाचं कारण सरळ आहे. ज्ञानेश्वरी पोथी म्हणून जपली गेली, आणि १५८४ साली नाथमहाराजांनी तिचे पाठ शुद्ध केले. अभंग मात्र लोकांच्या तोंडी राहिले. तोंडी राहिलेला अभंग प्रत्येक पिढीच्या बोलीत थोडा थोडा बदलतो.

इथं माझ्या लक्षात एक आलं. ज्ञानोबांच्या बाबतीत विद्वानांनी एकाचे दोन केले, तर आपण चवताळून उठलो. बरोबरच होतं. पण नाम्यांच्या बाबतीत आपण कित्येक पिढ्या दोघांचा एक करून बसलो, त्याबद्दल कुणाला कधी काही वाटलं नाही. जणू लहान माणूस मोठ्यात विरून गेला तर त्यात काय बिघडलं! विष्णुदास नाम्यानं अठरा पर्वं लिहिली, अभंग केले, आणि त्याचं श्रेय त्याच्या नावाच्या मोठ्या संताकडे गेलं. त्याची तक्रार त्यानं केली नसती, हे खरं. कदाचित त्याला ते भाग्यच वाटलं असतं. पण त्यानं मागितलं नाही म्हणून आपण द्यायचं नाही, असं कुठं आहे? नामदेवरायांकडून एक अभंग काढून दुसऱ्या नाम्याला दिला, तर नामदेवरायांचं काय कमी होणार आहे? त्यांच्या पायरीवरची गर्दी एका माणसानं तरी हटेल का?

म्हणून माझी तुम्हांला विनंती आहे. नवी गाथा घ्याल तेव्हा मुखपृष्ठावरचं चित्र बघून घेऊ नका. आतलं पान उघडा. संपादक कोण, कोणत्या पोथीवरून घेतली, पहिल्यांदा कधी छापली, की जुनीच नव्या कव्हरात घातली आहे, हे वाचा. प्रस्तावना कंटाळवाणी असली तरी वाचा. शंका असलेले अभंग कोणते, हे बहुधा तिथंच सांगितलेलं असतं. आणि पहिलं पान फाटायला लागलं तर आधी ते चिकटवा, मग बाकीची पानं.

काकड्यातली गोष्ट अर्धी राहिली. मी हे सगळं टाळकरी आजोबांना बसून सांगितलं. वेळ लागला, कारण त्यांना महाभारताच्या अठरा पर्वांत जास्त रस. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यो दुसरा नामाबी पांडुरंगाचाच होता ना?" होता, म्हणालो. "मंग झालं," म्हणाले, आणि त्या कॉलेजातल्या पोराला हाक मारून त्यांनी पेटीतली गाथा काढायला लावली. त्या अभंगाशेजारी पोरानं शिसपेन्सिलीनं लिहिलं आहे : 'हा विष्णुदास नाम्याचा असू शकेल.' दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबांनी तोच अभंग आधी लावला. आता त्यांचा आग्रह आहे, की त्या नाम्याचं महाभारत कुठं छापलेलं मिळतं ते पोरानं शोधून आणावं, पुढच्या सप्त्यात त्यातलं एक पर्व तरी वाचायचं.