वेलचेरीची बांधकामे आणि मालाचे पुरवठादार

चेन्नईच्या दक्षिणेकडील वेलचेरी हे जुने तलावकाठचे गाव. तिथल्या दंडीश्वर मंदिरात चोळकालीन शिलालेख आहेत. एका बाजूला गिंडीचे जंगल आणि आयआयटी, दुसऱ्या बाजूला पळ्ळिकरणैची दलदल, यांच्यामध्ये हा सखल भाग बराच काळ शेतीचाच राहिला. 2000 मध्ये जवळच तरमणीला टायडेल पार्क हे आयटी संकुल सुरू झाले, नोव्हेंबर 2007 मध्ये उन्नत लोकल रेल्वे वेलचेरीपर्यंत आली आणि रिकाम्या प्लॉटांवर भराव पडून तीनमजली, चारमजली इमारती उभ्या राहू लागल्या. वाळू, खडी, विटा, सळई आणि सिमेंट कोणाकडून घ्यायचे, हा प्रश्न त्यामुळे इथल्या घरोघरी आला.

त्याचे जुने उत्तर मेस्त्री हेच होते. मेस्त्री आपल्या ओळखीच्या लॉरीवाल्याला निरोप धाडी, खडी पल्लावरम, पम्मलच्या दगडखाणींतून येई, वाळू पालार नदीतून. महाराष्ट्रात वाळू ब्रासने मोजतात, चेन्नईत ‘यूनिट’ने, दोन्ही म्हणजे 100 घनफूटच. लॉरीत खरोखर किती यूनिट भरले आहेत, हे मात्र मालकाला मेस्त्री सांगेल तेच. त्यात मेस्त्रीचे कमिशन असे, आणि ते सर्वांना ठाऊकही असे.

सिमेंटची गोष्ट वेगळी होती. भारतात पोर्टलँड सिमेंट बनवण्याचा पहिला प्रयत्न 1904 मध्ये मद्रासलाच झाला, पण स्वातंत्र्यानंतर अनेक दशके सिमेंट दुकानापेक्षा सरकारी परमिटावर अवलंबून होते. पुरवठादार निवडण्याचा प्रश्नच नव्हता. मिळेल त्याच्याकडून घ्यायचे. या कोट्याने काय होऊ शकते ते मराठी वाचकाला सांगायला नको: सिमेंटच्या वाटपावरून जानेवारी 1982 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले, 1989 मध्ये पूर्ण. गिऱ्हाईक ब्रँड निवडू लागले ते तेव्हापासून. भाव मात्र पुढेही लोकांच्या आवाक्याबाहेर जात राहिले. म्हणून तमिळनाडू सरकारने जानेवारी 2015 मध्ये ‘अम्मा सिमेंट’ आणले: गोणीला 190 रुपये, 100 चौरस फुटांमागे 50 गोण्या, जास्तीत जास्त 750. गोणी स्वस्त होती, पण कागदपत्रे आणि गोदामाची फेरी पुन्हा आली.

संगणकाचा शिरकाव आधी नुसत्या पत्त्यांपुरता होता. 1996 मध्ये मुंबईत जस्टडायल सुरू झाले. फोन करून दुकानाचा नंबर विचारायचा. त्याच वर्षी व्यापारी आणि गिऱ्हाइके जोडणारे इंडियामार्ट हे संकेतस्थळ आले. पुढे 2016 मध्ये ठाण्यात इन्फ्रा.मार्केट ही कंपनी निघाली, तिचा भर थेट बांधकाम साहित्याच्या घाऊक पुरवठ्यावर. एका जागी बसून चार कोटेशन मागवणे यामुळे सोपे झाले. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाल्यावर व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक खरा की खोटा, हेही घरबसल्या तपासता येऊ लागले. मोठ्या बिल्डरांना याचा लाभ लवकर झाला. एकच घर बांधणारा मात्र बराच काळ मेस्त्रीवरच विसंबून होता.

खरा बदल वाळूत झाला. तमिळनाडूत 2003 पासून नदीपात्रातली वाळू काढण्याचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते, तरी खाणीवर लॉऱ्यांच्या रांगा आणि मधले दलाल कायमच राहिले. 2017 मध्ये सरकारने ‘टीएनसँड’ हे संकेतस्थळ आणि मोबाइल अ‍ॅप काढले. लॉरीची आणि गिऱ्हाइकाची नोंदणी करायची, पैसे ऑनलाइन भरायचे, ठरल्या तारखेला ठरल्या खाणीवर लॉरी न्यायची. सरकारी दर डोळ्यांसमोर आला, ही मोठीच गोष्ट. परंतु खाणी दूर कावेरी-कोळ्ळिडमच्या खोऱ्यात. वाहतूक वेगळी, वाट पाहणे लांब, आणि वाळूच अपुरी. अ‍ॅपला वाळू निर्माण करता येत नाही. म्हणून मलेशियाची वाळू तूत्तुकुडीला उतरली आणि 2018 मध्ये तीही ऑनलाइन विकली गेली. सप्टेंबर 2023 मध्ये ईडीने राज्यातल्या वाळू व्यवहारांवर छापे घातले. परवानगीपेक्षा कितीतरी जास्त उपसा झाल्याचा आरोप होता. ज्या व्यवहाराची नोंदच होत नाही, तो पोर्टलवर दिसणार कसा?

दरम्यान दगड भरडून केलेली एम-सँड पुढे आली. भारतीय मानक आयएस 383 च्या 2016 च्या आवृत्तीत भरडलेल्या दगडी वाळूत 75 मायक्रॉनखालील बारीक चुऱ्याला 15 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. नैसर्गिक वाळूला फक्त 3 टक्के. नुसता क्रशरचा चुरा एम-सँड म्हणून खपवण्याचे प्रकार होतात, आणि तमिळनाडूने 2023 मध्ये एम-सँडचे स्वतंत्र धोरण आणले. सिमेंटच्या गोणीवरचा किंवा सळईवरचा परवाना क्रमांक 2020 पासून ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. लॉरीतून ओतलेल्या ढिगाला ती सोय नाही. वेलचेरीच्या दलदलीलगतच्या, 2015 च्या पुरात बुडालेल्या भागात घर बांधणाऱ्याने कोटेशन कुठूनही मागवावे. पण एम-सँडसोबत चाळणी-चाचणीचा अहवाल मागून घ्यावा, आणि लॉरी रिकामी होण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून यूनिट ठरवावे.