छापखान्याच्या आधाराविना : ठाणे-कल्याण परिसरातील लेखनस्वातंत्र्याचे स्थित्यंतर

प्रस्तावना

लेखनस्वातंत्र्याची चर्चा बहुधा लेखक आणि शासन या दोन टोकांभोवती फिरते. या दोहोंमध्ये उभ्या असलेल्या मुद्रक, संपादक व प्रकाशक या मध्यस्थांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. आंतरजालावरील प्रकाशनाने या मध्यस्थांचे स्थान बदलले. त्यामुळे लेखकाचे स्वातंत्र्य विस्तारले आणि त्याची जोखीमही वाढली. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसराच्या इतिहासाच्या आधारे या स्थित्यंतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुद्रणयुगातील बंधने व आधार

कल्याण येथे १८६४ मध्ये सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. १८६६ मध्ये ठाण्यातून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघू लागले, तर १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. वाचनसंस्कृतीच्या या जडणघडणीबरोबरच नियंत्रणाची चौकटही उभी राहत होती. १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव देणे बंधनकारक झाले. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्यान्वये मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून मुचलका घेता येई. १९१० च्या कायद्याने छापखान्याच्या चालकाकडून अनामत रक्कम मागण्याची तरतूद केली. लेखक व संपादकांवर खटले होतच. तथापि, छापखाना जप्त होण्याच्या भीतीने पुष्कळ मजकुराला कात्री छपाईपूर्वीच लागणे स्वाभाविक होते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. छापील मजकुरामागे एक संस्था उभी असे. डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात भरलेल्या ८४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेतील नथुराम गोडसेच्या उल्लेखावरून वाद उद्भवला, तेव्हा त्याला प्रामुख्याने संयोजकांनाच सामोरे जावे लागले.

आंतरजालावरील प्रकाशन

युनिकोडमुळे देवनागरी लेखन सुलभ झाले आणि 'मायबोली', 'मनोगत', 'मिसळपाव' यांसारख्या संकेतस्थळांवर मराठी लेखन बहरले. ठाण्यातील ई साहित्य प्रतिष्ठानने मराठी ई-पुस्तके वाचकांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. २०१४ मध्ये बंगळूरु येथे सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'वर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील कथा-कादंबऱ्या लेखक स्वतः प्रकाशित करू लागले. कागद, छपाई व वितरण यांचा खर्च टळला. प्रकाशकाच्या होकाराची प्रतीक्षाही उरली नाही. उपनगरी लोकलने प्रवास करणाऱ्या नोकरदारालाही भ्रमणध्वनीवर कथा लिहून त्याच दिवशी ती वाचकांपर्यंत पोहोचविणे शक्य झाले.

कायद्याची कसोटी

या नव्या स्वातंत्र्याची कसोटी याच जिल्ह्यात लागली. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणाऱ्या एका तरुणीला व ते पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. या घटनेतून 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार' हा खटला उभा राहिला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले.

परंतु कलम रद्द झाल्याने प्रश्न संपला नाही. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीचा, दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला काव्यरूप मजकूर फेसबुकवर प्रसृत केल्याबद्दल एका मराठी अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी भारतीय दंडसंहितेच्या कलमांखाली अटक केली. या प्रकरणात जामीन मिळण्यास जून उजाडला. शिवाय त्याच मजकुरावरून राज्यात अन्यत्रही गुन्हे नोंदविले गेले. छापील नियतकालिकाचे वितरणक्षेत्र मर्यादित असे. आंतरजालावरील मजकूर सर्वत्रच प्रकाशित होतो, म्हणून तक्रारही कोठूनही दाखल होऊ शकते. सदर मजकूर अभिरुचीला धरून होता किंवा नाही, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी कोठडी उचित ठरते काय, हा येथील खरा प्रश्न आहे.

येथे एक विसंगती दिसून येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ विशिष्ट अटींवर मध्यस्थ मंचाला इतरांच्या मजकुराच्या दायित्वातून सूट देते. जुन्या कायद्याने मुद्रकाला जबाबदार धरले होते; नव्या कायद्याने मंचाला संरक्षण दिले. ही सूट गैर नव्हे. ती नसती, तर मंचांनी भीतीपोटी अधिकच मजकूर गाळला असता. मात्र लेखक त्यामुळे एकाकी पडला. मंच आपल्या नियमांनुसार मजकूर हटवू शकतो, पण न्यायालयात लेखकाची बाजू मांडण्यास तो बांधील नसतो.

समारोप

छापखान्याचा अडसर दूर होणे हा मराठी लेखकाचा मोठा लाभ होय. तथापि, अडसराबरोबर आधारही गेला. न्यायालयीन निकालांनी स्वातंत्र्याचे तत्त्व अधोरेखित केले, तरी निकाल लागेपर्यंतची प्रक्रियाच सामान्य लेखकासाठी शिक्षा ठरू शकते. सुप्रतिष्ठित लेखकाला वकील व पाठीराखे मिळतात; प्रथमच लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते कोठून मिळणार? वाचनालये, साहित्यसंस्था व महाविद्यालये यांनी कायदेविषयक मार्गदर्शन आणि जाहीर पाठिंबा या रूपाने तो आधार नव्याने उभारणे आवश्यक आहे. अन्यथा पूर्वी छापखान्यात लागणारी कात्री लेखक स्वतःच्याच हाती घेईल, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.