क्रिसी फील्ड

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तर किनाऱ्यावर, गोल्डन गेट पुलाच्या पूर्वेस पसरलेले सुमारे १०० एकरांचे सार्वजनिक उद्यान. हे गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा भाग आहे.

मुळात येथे सुमारे १३० एकरांचे खाजण होते. भरतीला पाणी आत शिरे, ओहोटीला चिखल उघडा पडे आणि या भागातले मूळ रहिवासी ओलोनी लोक त्यातले शिंपले वेचत. १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनासाठी भराव टाकून ते बुजवले गेले. सपाट झालेल्या जागेवर लष्कराने १९२१ मध्ये विमानतळ उभारला आणि १९१९ मध्ये एका हवाई शर्यतीत मरण पावलेल्या मेजर डेना क्रिसी यांचे नाव त्याला दिले. धुके आणि आडवा वारा यांमुळे ही जागा विमानांना फारशी मानवली नाही. पुढे तिच्यावर डांबर, काँक्रीट आणि विषारी माती तेवढी साचत गेली.

ही जागा ज्यात येते तो प्रेसिडियो हा लष्करी तळ १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आला. १९९८ ते २००१ या काळात येथून सुमारे ८७,००० टन घातक कचरा हलवला गेला. स्थानिक बियांपासून वाढवलेली सुमारे १,००,००० रोपे लावण्यासाठी स्वयंसेवक आणि शाळकरी मुले गुडघे टेकून वाळूत बसली. खर्चाचा मोठा वाटा खाजगी देणग्यांतून आला. १९९९ मध्ये बांध फोडून उपसागराचे पाणी पुन्हा आत घेतले गेले.

खाजण मात्र जेमतेम १८ एकरांचे झाले, कारण त्याच्या शेजारी जुन्या धावपट्टीचे गवती मैदान (२८ एकर) इतिहास म्हणून राखायचे होते. हा सौदा निसर्गाला महागात पडला. इतक्या लहान खाजणातून ओहोटीला बाहेर पडणारे पाणी थोडे, त्याला जोर कमी. त्यामुळे लाटांनी आणलेली वाळू खाजणाच्या मुखाशी साठते आणि मुख बुजते. मग आतले पाणी कोंडते, आणि समुद्राची वाट मोकळी करायला यंत्र आणावे लागते. २०२० मध्ये दक्षिणेकडे ‘क्वार्टरमास्टर रीच’ हे सुमारे ७ एकरांचे नवे खाजण रस्त्याखालच्या मोऱ्यांतून याला जोडले गेले; त्यातून टेनेसी हॉलो या ओढ्याचे गोडे पाणी उतरते.

पश्चिमेकडच्या वाळूत ‘स्नोई प्लोव्हर’ हा चिखल्याच्या कुळातला मुठीएवढा पक्षी उतरतो. त्याच्यासाठी तेथे कुत्रे मोकळे सोडण्यावर निर्बंध आहेत; कुत्रे पाळणाऱ्यांचा आणि पक्षीप्रेमींचा त्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला.