सत्तावन्न सालचे बोलपट

'तुमचा सर्वांत आवडता बोलपट कोणता?' असा प्रश्न कोणी केला म्हणजे बहुतेक रसिक गोंधळून जातात. एकाचे नाव घ्यावे तर दुसरा रुसतो. माझ्या वडिलांना मात्र हा प्रश्न कधी अवघड गेला नाही. ते बोलपटाचे नाव घेतच नसत, सालाचे नाव घेत. "सत्तावन्न," एवढे बोलून ते गप्प बसत, आणि पुढचे विचारणाऱ्यानेच समजून घ्यावे अशी त्यांची अपेक्षा असे.

१९५७ साली ते सतरा वर्षांचे होते. आमचे बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले होते व घरोघर तोच एक विषय होता. पलीकडे गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि आमचे निम्मे नातलग त्या हद्दीपलीकडे होते. अशा दिवसांत बाबांनी एक वही घातली. पाहिलेल्या प्रत्येक बोलपटाची तीत एक ओळ: नाव, तिकिटाचे पैसे आणि एखाद्या वाक्यात मत. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी सुरू झाली, तेव्हापासून वहीतले आणे नाहीसे होऊन तेथे 'न. पै.' अशी अक्षरे दिसू लागतात. बाबा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. तीत त्या सालाच्या पाच बोलपटांपुढे फुली केलेली आहे. मुंबईत लागलेला बोलपट लगेच बेळगावास येई असे नव्हे. काहींना येथवर पोहोचावयास पुढचे साल उजाडले. परंतु बाबांनी हिशेब मुंबईच्या सालाने धरला आहे.

मी स्वतः हे बोलपट पाहिले ते फार पुढे, दूरदर्शनवर, रविवारच्या संध्याकाळी, शेजारी बाबा बसलेले असताना. त्यामुळे पडद्यावरचा आवाज कोणता आणि बाबांचा कोणता, हे मला आजही नीट वेगळे करता येत नाही.

नभोवाणीवरून बोलत आहे, म्हणून याच सालातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. बाळकृष्ण केसकर हे त्या वेळी नभोवाणी खात्याचे मंत्री होते. पुण्याचा हा विद्वान गृहस्थ शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. १९५२ पासून त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, आणि देशातील श्रोते मुकाट्याने सिलोन केंद्राकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि रुसलेले गाणे स्वगृही परत आले. ज्या सालात ओ. पी. नय्यर, सचिनदेव बर्मन, नौशाद आणि आमचे वसंत देसाई यांनी आपापली उत्तम कामे केली त्याच सालात हे घडावे, हा योगच म्हणावयाचा.

आता त्या पाच फुल्यांकडे वळते. 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया', 'दो आँखें बारह हाथ' आणि 'मिस मेरी' ही ती नावे. वरवर पाहता यांत काही साम्य नाही. एक कवीची शोकांतिका, एक टांगेवाल्याची शर्यत, एक शेतकरी आईची कहाणी, एक कैद्यांची गोष्ट आणि एक निव्वळ विनोदी खेळ. परंतु पाचही पुन्हा पाहताना मला असे दिसले की, प्रत्येकाच्या मध्यभागी समाजाने हिशेबातून वगळलेला कोणी ना कोणी माणूस उभा आहे. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली होती, दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती, धरणे उभी राहत होती. या सगळ्यात आपली जागा कोणती, असे हा वगळलेला माणूस विचारतो आहे. पाच बोलपटांनी त्याला पाच उत्तरे दिली.

'नया दौर'चे उत्तर सर्वांत गोड आहे, म्हणूनच मला ते थोडे संशयास्पद वाटते. मालकाचा मुलगा शहरातून येतो, लाकूड कापण्याचे यंत्र आणतो, मागाहून मोटारबस आणतो आणि टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो. मग टांगा आणि बस यांची शर्यत. गावकरी खपून जवळचा रस्ता बांधतात आणि टांगा जिंकतो! दिलीपकुमारने हे काम असे केले आहे की तेवढा वेळ आपणही टांग्याच्या बाजूला होतो. बी. आर. चोप्रांनी यासाठी प्रथम मधुबालेला घेतले होते. बाहेरगावच्या चित्रणाला तिच्या वडिलांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेले आणि तिच्या जागी वैजयंतीमाला आली. असो. पडद्यावर टांगा जिंकला. बेळगावच्या टांगेवाल्यांना मात्र अशी शर्यत कोणी देऊ केली नाही. बाबांचे मत: "गाणी झकास. शेवट सोयीचा."

'प्यासा'चे उत्तर याच्या अगदी उलट आहे. गुरुदत्त हे मूळचे आपल्याच बाजूचे, कोकणी घराण्यातले. १९४४ साली पुण्यास प्रभात कंपनीत त्यांनी उमेदवारी केली. त्यांचा विजय हा कवी जिवंत असताना त्याचे कागद भाऊ रद्दीत विकतात, ते कागद गुलाबो नावाची एक वेश्या जपून ठेवते, आणि तो मेला असे समजताच त्याच कवितांची पुस्तके हातोहात खपतात. त्याच्या श्राद्धदिनाची सभा भरते आणि तो दारात येऊन उभा राहतो. पाठीमागून प्रकाश, दोन्ही बाहू पसरलेले. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी घेतलेले हे दृश्य आम्हा ख्रिस्ती माणसांना कशाची आठवण करून देते, हे सांगावयास नको. गुरुदत्तांच्या मनातही ते नसेल असे मला वाटत नाही. आपली जागा कोणती, या प्रश्नाला विजय शेवटी 'कोठेच नाही' असे उत्तर देतो आणि निघून जातो. त्याच्याबरोबर जाते ती एकटी गुलाबो. त्या सालच्या मोठ्या पारितोषिकांच्या यादीत 'प्यासा'चे नाव सापडत नाही. आज जगभरचे रसिक तो शोधून पाहतात.

'मदर इंडिया'विषयी थोडे बोलले तरी चालेल, कारण तो न पाहिलेला श्रोता क्वचितच असेल. बडोदे संस्थानातील बिलिमोऱ्याकडचे मेहबूब खान यांनी १९४० साली 'औरत' काढला होता. तीच कथा त्यांनी सतरा वर्षांनी रंगांत आणि भव्य प्रमाणावर पुन्हा सांगितली. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने १९२७ साली आपल्या देशाची निंदा करणारे पुस्तक लिहिले होते, त्याचेच नाव मुद्दाम घेऊन मेहबूबांनी ते परत फिरवले. बोलपट दिवाळीला, २५ ऑक्टोबर रोजी प्रकाशित झाला. ऑस्करसाठी भारताने पाठविलेला हा पहिलाच बोलपट, आणि तो शेवटच्या पाचांतही आला. पारितोषिक मिळाले ते फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला. तिची नायिकाही गुलाबोप्रमाणेच देहविक्रय करणारी, आणि गुलाबोप्रमाणेच मनाने निर्मळ. त्या एका सालात रोमला आणि मुंबईला एकच गोष्ट सुचावी, याचे मला नवल वाटते.

बाबांचा पहिला क्रमांक 'मदर इंडिया'ला होता. मला तो द्यावासा वाटत नाही. राधा सावकारापुढे वाकत नाही, पुरात लेकरे वर धरते, आणि शेवटी गावच्या लेकीच्या अब्रूसाठी पोटच्या बिरजूला गोळी घालते. नर्गिसचे काम थक्क करणारे आहे. परंतु बिरजूने जी हिशेबाची वही जाळली तिचे पुढे काय झाले? सावकारी खोटी होती हे सर्वांना दिसले, शिक्षा मात्र बिरजूला. त्यावर बाबा म्हणत, "तू मास्तरीण आहेस, तुला बिरजूच दिसणार." हा वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही.

'मिस मेरी'ची फुली पाहून कोणास हसू येईल. एल. व्ही. प्रसाद यांनी आपल्या 'मिस्सम्मा' या १९५५ सालच्या तेलुगू बोलपटावरून तो हिंदीत आणला. शाळेला विवाहित जोडपे शिक्षक म्हणून हवे असते. नोकरीच्या निकडीपायी मेरी ही ख्रिस्ती मुलगी आणि एक हिंदू तरुण नवरा-बायको असल्याचे सोंग करतात. मीनाकुमारीला रडताना पाहून थकलेल्या प्रेक्षकांनी तिला येथे भांडताना पाहावे. लहानपणी मला हा बोलपट फार आवडे, कारण पडद्यावर आमच्यातली मुलगी, तीही शिक्षिका, नायिका म्हणून दिसत होती. शेवटी मात्र असे उघडकीस येते की मेरी मुळात मेरी नव्हेच. ती त्या हिंदू जमीनदाराचीच लहानपणी हरवलेली मुलगी. सर्व अडचणी एका क्षणात सुटतात! आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "म्हणजे लग्न जमावं म्हणून मेरीला घालवून दिली." बाबा मोठ्याने हसले. मी हसले नाही. आज माझे विद्यार्थी मला 'मिस' म्हणून हाक मारतात तेव्हा कधीकधी आईचे ते वाक्य आठवते. वाईट हेतूने काढलेला हा बोलपट नव्हे, आणि आजही मी तो आनंदाने पाहते. परंतु वगळलेल्या माणसाला आत घ्यावयाचे तर तो मुळात आपलाच निघाला पाहिजे, हे उत्तर काही उत्तर नव्हे.

हैदराबाद-बिदरकडील श्रोत्यांसाठी जाता जाता एक नाव घेते. याच सालात ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांच्या भागीदारीत 'परदेसी' काढला. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरच्या बहामनी राजधानीस गेलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची ती कथा. बाबांच्या वहीत त्याला फुली नाही.

राहिला 'दो आँखें बारह हाथ'. माझा पहिला क्रमांक त्याचा, आणि कारण पडद्याबाहेरचेही आहे. ही गोष्ट कल्पनेतून जन्मलेली नाही. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत वसविली. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश इंजिनिअर गांधीजींच्या प्रभावाने भारतानंद झाले होते. त्यांची ही कल्पना. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाची शिक्षा झालेल्या माणसांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे. संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी वसाहत पुढेही सरकारने चालू ठेवली. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच आटपाडीच्या माळावरचे. व्ही. शांताराम यांनी ती घेतली तेव्हा रंगीत 'झनक झनक पायल बाजे'चे यश त्यांच्या पाठीशी होते. तरी हा बोलपट त्यांनी काळ्यापांढऱ्या रंगातच काढला आणि जेलर आदिनाथाची भूमिका स्वतः केली. सहा खुनी, ओसाड जमीन आणि कुलूप नसलेली रात्र. कैदी एकदा पळून जातात. पहारेकरी कोणी नसतो. त्यांना परत आणतात ते आदिनाथाचे डोळे, जे तेथे नसूनही त्यांना दिसत राहतात.

या बोलपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, आणि त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संस्थेनेही त्याला आपले पारितोषिक दिले. आमच्या घरी अभिमानाने सांगितली जाई ती ही शेवटची गोष्ट. त्यातली प्रार्थना, भरत व्यासांची आणि वसंत देसायांनी बांधलेली, मी ज्या शाळेत शिकविते तेथे कित्येक वर्षे म्हटली जाते.

आणि येथेच मला थोडे थांबावे लागते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. सहलीसाठी जमविलेल्या पैशांतून त्याने काही पैसे काढले, ते पकडले गेले, त्याने परतही केले. शाळेने त्याला ठेवून घेतले. मी मात्र त्यानंतर दोन वर्षे त्याच्या हाती खडूच्या पेटीचीही किल्ली दिली नाही. तो कपाटाजवळ गेला की माझी नजर तिकडे जाई, आणि ती जाते हे त्याला कळत असे. नववीनंतर त्याने शाळा सोडली. त्याच वर्षी मुलांना हा बोलपट दाखविला होता. तो मागच्या बाकावर बसून पाहत होता. आदिनाथाचे डोळेही पाळत ठेवतात आणि माझेही ठेवीत होते. या दोहोंत फरक कोणता, हे त्या मुलाला नक्की सांगता आले असते. मी त्याला विचारले नाही.

बाबांच्या वहीत 'दो आँखें बारह हाथ'पुढे लिहिले आहे: "संगीत उत्तम. बैलांचा प्रसंग लांबला." शेवटी सूड म्हणून शेतात बैल सोडले जातात आणि आदिनाथ त्यांच्याशी झुंजतो, तो हा प्रसंग. हे चित्रण करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखरच जबर इजा झाली होती आणि कित्येक दिवस त्यांना पट्टी बांधून काढावे लागले होते. हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरीपण लांबलाच आहे." वहीतले मत त्यांनी बदलले नाही.